गडद विटांच्या भिंती आणि दरजांचा रंग



घर बांधावयास काढलें म्हणजे मनुष्य सिमेंट कोणतें घ्यावें, लोखंड किती लागेल, ह्याची चौकशी दहा जणांपाशीं करतो. परंतु दर्शनी भिंतीला विटांच्या पातळ फरश्या लावून झाल्या आणि गवंड्यानें विचारलें, “मास्तर, दरजा कोणत्या रंगानें भरूं?” कीं उत्तर मात्र विचार न करतां दिलें जातें. मींहि तसेंच दिलें. “पांढऱ्यानें भर, उठून दिसेल!” सेवानिवृत्तीच्या पुंजींतून बांधलेल्या आमच्या लहानशा घराची ती भिंत. फरश्या गडद तपकिरी आणि दरजा पांढऱ्या सिमेंटच्या. परांची उतरली आणि पाहतों तों गणिताची चौकटीची वहीच उभी! छत्तीस वर्षें जी वही तपासली, तीच आतां रोज फाटकांतून दिसूं लागली. “आधीं चार फरश्या लावून पाहा,” असें आमच्या सौ.नीं सुचविलें होतें. तें मीं हंसण्यावारी नेलें होतें. त्या चुकीनें जें शिकविलें, तें आज आपणांपुढें ठेवितों.

दरज ही किरकोळ गोष्ट नव्हे. थोडा हिशेब करूं. विलायती मापाची वीट समोरून २१५ मिलिमीटर लांब व ६५ मिलिमीटर उंच असते आणि दोन विटांमध्यें १० मिलिमीटरची दरज धरतात. म्हणजे एका विटेच्या वांट्याला २२५ गुणिले ७५ एवढी जागा येते. गुणाकार करून पाहिल्यास भिंतीचा शेंकडा १७ भाग दरजांनीं व्यापलेला आढळेल. आपल्याकडील १९० मिलिमीटर लांब व ९० मिलिमीटर उंच अशा प्रमाण विटेच्या बाबतींतहि हा भाग शेंकडा १४ हून अधिक भरतो. भिंतीचा सहावा-सातवा हिस्सा ज्या रंगाचा, तो रंग निवडण्यास दोन दिवस घालविले तर ते वायां गेले असें कोण म्हणेल?

आतां फरशीविषयीं. विटेचा रंग मुख्यतः मातींतील लोहामुळें येतो. भट्टींत भरपूर हवा असल्यास लोहाचा तांबडा ऑक्साइड होऊन वीट लाल होते. भाजतांना हवेची कोंडी केली तर तीच माती निळसर काळी होते. इंग्लंडांतील स्टॅफर्डशायर परगण्याच्या प्रसिद्ध निळ्या विटा ह्याच रीतीनें भाजतात. मातींत मँगॅनीजचें संयुग मिसळल्यास तपकिरीपासून काळ्यापर्यंत छटा मिळतात व तो रंग आरपार असतो. कांहीं फरश्यांवर मात्र गडद रंगाचा केवळ थर असतो. यास्तव खरेदीपूर्वीं एक फरशी फोडून आंतील रंग पाहावा. तसेंच एका खोक्यांतील फरश्यांची छटा दुसऱ्या खोक्याशीं तंतोतंत जुळत नाहीं; म्हणून निदान तीन खोकीं एकदम उघडून फरश्या मिसळून लावाव्या, म्हणजे भिंतीवर पट्टे उमटत नाहींत.

गडद फरशीला दरज तीन प्रकारें जुळवितां येते. दरज फरशीच्याच रंगाची असल्यास सारी भिंत एकसंध दिसते आणि फरश्यांच्या मापांतील लहानसहान फरक झांकले जातात. दरज फिकट असल्यास प्रत्येक फरशी वेगळी उठते, एकंदर भिंत उजळते, परंतु ओळंब्यांतील व सुतांतील प्रत्येक चूकहि उठून दिसते. मधला करडा रंग हा ह्या दोहोंमधील सुरक्षित मार्ग होय. शिकागो येथील फ्रँक लॉइड राइट यांच्या रॉबी हाउस ह्या घरांत तर दोन्ही युक्त्या एकत्र आहेत. सुमारें १९१० सालीं पुरें झालेल्या त्या घराच्या आडव्या दरजा फिकट ठेवल्या आहेत व उभ्या दरजा विटेच्या रंगानें भरल्या आहेत. त्यामुळें उभे सांधे नाहींसे होऊन भिंतीच्या आडव्या रेषाच नजरेंत भरतात.

दरजेची ठेवणहि रंग पालटते. खोल कोरलेल्या दरजेंत सावली पडते व ती गडद भासते; सपाट भरलेली फिकट भासते. तथापि खोल दरजेंत पाणी थांबतें. मुंबई-कोंकणासारख्या पावसाच्या प्रदेशांत अर्धगोल सळईनें दाबून घोटलेली, किंचित् अंतर्गोल दरजच उत्तम.

रंग मिसळावयाचा तो लोहाच्या ऑक्साइडचा असावा. हे रंग उन्हानें विटत नाहींत व सिमेंटमधील चुन्यालाहि दाद देत नाहींत. काजळीचा काळा रंग स्वस्त, पण तो पावसानें धुपतो. ऑक्साइडचें प्रमाण सिमेंटच्या वजनाच्या शेंकडा १० हून अधिक कधींहि नसावें. त्यापुढें माल कमकुवत होतो. रंग मुठीनें न टाकतां तोलून घ्यावा, वाळू एकाच ठिकाणची आणावी, कोरडें मिश्रण एकदम करून ठेवावें आणि पाणीहि दर वेळीं मोजून घालावें. गडद दिसणारा ओला माल वाळल्यावर बराच फिकट होतो, हें ध्यानांत धरावें.

म्हणून नमुना हवाच. एका फळीवर थोड्या फरश्या लावून तीन रंगांच्या दरजा भराव्या व निदान दोन आठवडे वाळूं द्याव्या. मग दहा फुटांवरून आणि रस्त्यावरून, सकाळीं व तिसऱ्या प्रहरीं, कोरडी आणि भिजविलेली, अशी ती फळी पाहावी.

गडद भिंतीचे दोन शत्रू सांगतों. पहिला लोणा. भिंतींत मुरलेलें पाणी क्षार घेऊन बाहेर येतें व वाळून पांढरे डाग ठेवतें; ते काळ्या भिंतीवर फार दिसतात. भिंतीच्या माथ्यावर पाणी बाहेर टाकणारी पट्टी करावी. डाग कोरड्या ब्रशानें झाडावे. आम्लानें धुतल्यास दरजेचाच रंग उडतो. दुसरा शत्रू ऊन. गडद पृष्ठभाग अधिक तापतो, म्हणून पश्चिमेच्या भिंतीवर अशा फरश्या शक्यतों टाळाव्या.

आमच्या भिंतीचें काय झालें? पांढऱ्या दरजा कोरून काढविल्या व करड्या भरविल्या. त्या कामांत कित्येक फरश्यांच्या कडा उडून आंतील लाल माती उघडी पडली. फरशी फोडून पाहिली नव्हती, हें तेव्हां कळलें! ते लाल ठिपके अजून आहेत, आणि पाहुणा आला कीं आमच्या सौ. ते त्यास आवर्जून दाखवितात. आपल्या घरीं तशी पाळी न येवो.