हवा जाऊ द्या, ऊब ठेवा

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात आम्ही काही वर्षे संशोधनाच्या निमित्ताने राहत होतो. तिथे जानेवारीत पारा उणे ३० अंश सेल्सिअसखाली उतरला, तरी त्याची कोणी बातमी करत नाही. भाड्याच्या घराच्या किल्ल्या देताना घरमालकांनी आम्हाला आधी तळघरात नेले आणि छताला टांगलेली एक पत्र्याची पेटी दाखवली. तिला चार जाड नळ जोडलेले होते. "घर तापवणारी भट्टी बिघडली तर मला फोन करा, पण ही पेटी तुम्हीच सांभाळायची," असे त्यांनी बजावले. आम्ही मान डोलावली आणि विसरून गेलो. त्या विसरण्याची हकिगत पुढे येईलच. आधी ही पेटी कशासाठी असते ते पाहू.

श्वास आणि ऊब

थंड प्रदेशातले चांगले घर म्हणजे घट्ट झाकणाचा डबा. जुन्या घरांच्या फटींतून वारा शिरायचा, त्याबरोबर ऊब निघून जायची. पण हवाही आपोआप बदलायची. १९७३ साली खनिज तेलाच्या किमती भडकल्या आणि तिकडच्या लोकांनी फटी बुजवायला सुरुवात केली. इंधन वाचले, पण वेगळेच प्रश्न उभे राहिले. श्वास, आंघोळ, स्वयंपाक यांतून निघणारी वाफ घरातच राहू लागली. ती गार काचांवर आणि कोपऱ्यांत साचली, की तिथे बुरशी धरते. फर्निचरमधून निघणारी रसायने आणि काही भागांत जमिनीतून येणारा रेडॉन वायूही कोंडून राहतो.

मग किती हवा बदलायला हवी? म्युनिकचे शास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये यासाठी एक सोपी खूण सुचवली: खोलीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाखांत १००० भागांच्या वर जाऊ नये. एवढ्या प्रमाणात हा वायू विषारी नसतो. पण तो वाढला, की माणसांनी सोडलेले बाकी सारेही हवेत साचले आहे हे कळते.

बाहेरच्या हवेत आज या वायूचे दहा लाखांत ४२० पेक्षा थोडे अधिक भाग असतात. घरात वावरणारा मोठा माणूस ताशी सुमारे २० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. यावरून हिशेब केला, तर माणशी ताशी ३० ते ३५ घनमीटर ताजी हवा लागते. चौघांच्या घरासाठी १२० घनमीटर धरू.

आता खर्च पाहा. एक घनमीटर हवा एका अंशाने तापवायला सुमारे १.२ किलोज्यूल उष्णता लागते. बाहेर उणे २० आणि घरात २० अंश असतील, तर फरक ४० अंशांचा. १२० × १.२ × ४० म्हणजे ताशी ५७६० किलोज्यूल, अर्थात १६०० वॉट. पाणी तापवायची मोठी कांडी रात्रंदिवस चालू ठेवावी, तसाच हा प्रकार! आणि तेवढीच ऊब जुन्या हवेबरोबर बाहेर फेकली जात असते. बाहेर जाणाऱ्या हवेची उष्णता आत येणाऱ्या हवेला देता आली, पण दोन्ही हवा एकमेकींत मिसळल्या नाहीत, तर? तळघरातली पेटी नेमके हेच करते.

एक प्रयोग

"गरम आणि गार हवा शेजारी आणल्या तर दोघींचे तापमान मधोमध येईल. म्हणजे निम्मीच उष्णता परत मिळणार ना?" असे एखादा हुशार विद्यार्थी विचारेल. त्याला पुढचा प्रयोग करायला द्यावा.

६० अंशांचे पाव लिटर पाणी वाटीत घ्या आणि २० अंशांचे पाव लिटर पाणी पातेल्यात. वाटी पातेल्यात ठेवली, की काही वेळाने दोन्ही पाणी ४० अंशांवर येतात. आता तेच पाणी निम्मे-निम्मे करून पाहू. गरमाचे दोन भाग ग१ आणि ग२. गाराचे दोन भाग थ१ आणि थ२.

ग१ची वाटी थ१मध्ये ठेवा: दोन्ही ४० अंशांवर येतील. तीच वाटी उचलून थ२मध्ये ठेवा: दोन्ही ३० अंशांवर. आता ग२ची वाटी थ१मध्ये: दोन्ही ५० अंशांवर. शेवटी ग२ थ२मध्ये: दोन्ही ४० अंशांवर. गार पाण्याचे दोन्ही भाग एकत्र करा, तापमान ४५ अंश. गरम पाण्याचे दोन्ही भाग एकत्र करा, ३५ अंश! गार असलेले पाणी गरम असलेल्या पाण्यापेक्षा जास्त तापले, आणि ऊर्जेचा एकही नियम मोडला नाही. (भांडी आणि भोवतालची हवा थोडी उष्णता घेतात, त्यामुळे वर्गात आकडे थोडे कमी-जास्त येतील. पातेल्याला फडके गुंडाळावे.)

गंमत भेटीच्या क्रमात आहे. सर्वांत तापलेल्या गाराची भेट ताज्या गरमाशी होते, आणि निवत आलेल्या गरमाला अजून थंडच असलेला गार भाग भेटतो. पाण्याचे जितके जास्त भाग कराल तितकी जास्त उष्णता परत मिळेल. दोन प्रवाह एकमेकांच्या उलट दिशेने शेजारून वाहू दिले, की हे भाग असंख्य होतात. बदकाच्या पायात गरम आणि गार रक्त असेच उलट दिशांनी शेजारून वाहते, म्हणून बर्फगार पाण्यात उभे राहूनही त्याची ऊब टिकते. माशाच्या कल्ल्यांत याच युक्तीने ऑक्सिजन रक्तात येतो.

पेटीत पातळ पत्र्यांची किंवा प्लास्टिकची चळत असते. एका फटीतून घरातली हवा बाहेर जाते आणि शेजारच्या फटीतून बाहेरची आत येते. चांगल्या यंत्रात उणे २० अंशांची हवा १४ अंशांची होऊन खोलीत येते. म्हणजे ४० पैकी ३४ अंश, ८५ टक्के वसुली! दोन्ही पंख्यांना मिळून जेमतेम एका दिव्याइतकी वीज लागते.

सस्कॅचेवानची राजधानी रजायना इथे १९७७ साली एक प्रायोगिक घर बांधले गेले. हॅरल्ड ऑर, रॉबर्ट बेझंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला जाड उष्णतारोधक भिंती दिल्या, फटी जवळजवळ नाहीशा केल्या आणि असा उष्णता-विनिमयक बसवला. एवढ्या थंडीतल्या त्या घरात भट्टीच नव्हती. पुढे १९९१ मध्ये जर्मनीत डार्मश्टाट इथे वोल्फगांग फाइस्ट यांनी जी चार घरांची ओळ उभी केली, तिच्यातही ही पेटी आवश्यक भाग होती.

बसवताना

यंत्र विकत आणणे सोपे, बसवणे कठीण. ताजी हवा झोपण्याच्या आणि बसण्याच्या खोल्यांत सोडायची; जुनी हवा न्हाणीघर, शौचालय आणि स्वयंपाकघरातून ओढायची. त्यामुळे हवा स्वच्छ भागाकडून दमट भागाकडे जाते. तिला वाट मिळावी म्हणून दारांखाली बोटभर फट ठेवतात. चुलीवरच्या धुराचा नळ मात्र या यंत्राला जोडायचा नाही, कारण तेलकट वाफेने फटी बुजतात.

बाहेरून हवा घेणारे तोंड बर्फाच्या थराच्या वर हवे. ते मोटार उभी करण्याच्या जागेपासून आणि भट्टीच्या धुराड्यापासून लांब असावे. हवा सोडणारे तोंडही त्यापासून किमान दोन मीटर दूर ठेवावे, नाहीतर टाकलेलीच हवा परत आत येते. बाहेरच्या बाजूच्या दोन्ही नळांवर उष्णतारोधक आणि बाष्परोधक आवरण लागते. ते नसेल तर फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखे त्यांना पाणी सुटते. पेटीतही जुन्या हवेतली वाफ निवून पाणी होते, म्हणून खाली निचऱ्याची नळी असते. कडक थंडीत हे पाणी गोठते. तेव्हा यंत्र थोडा वेळ बाहेरची हवा बंद करून घरातल्याच हवेने बर्फ वितळवते.

सर्वांत नाजूक काम समतोलाचे. आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा सारखी हवी. बाहेर जाणारी जास्त झाली, तर घरातला दाब उतरतो आणि भट्टीचा विषारी धूर उलटा घरात ओढला जाऊ शकतो. आत येणारी जास्त झाली, तर दमट हवा भिंतींत घुसते आणि तिथे पाणी साचते. म्हणून यंत्र बसवल्यावर दोन्ही प्रवाह मोजून झडपा लावाव्या लागतात. अंदाजाने भागत नाही.

सांभाळताना

आता आमची हकिगत. दुसऱ्या हिवाळ्यात आमच्या खिडक्यांच्या काचा आतून ओघळू लागल्या. मुलीच्या खोलीत कपाटामागे काळी बुरशी दिसली. ती रात्री खोकत असे. पेटी तर चालू होती, तिची घरघर रोज ऐकू येत होती. वसुली तपासावी म्हणून आम्ही तापमापक लावले, तर आकडा पूर्वीपेक्षाही चांगला! तिथेच आम्ही फसलो. हवा कमी आणि सावकाश वाहू लागली, की तिला उष्णता घ्यायला अधिक वेळ मिळतो आणि टक्केवारी वाढते. तापमापक 'किती अंश' हे सांगतो, 'किती हवा' हे सांगत नाही.

शेवटी पेटी उघडली. दोन्ही फिल्टरांवर धुळीचे घोंगडे झाले होते, आणि बाहेरच्या तोंडाची जाळी उन्हाळ्यात उडणाऱ्या पॉप्लरच्या कापसाने लिंपली होती. सारे साफ केल्यावर तीन दिवसांत काचा कोरड्या झाल्या. मुलीचा खोकलाही गेला. तो त्या हवेमुळेच होता असे एका उदाहरणावरून आम्ही म्हणणार नाही; पण पेटी पुन्हा कधी विसरलो नाही.

कामे साधीच असतात. दर दोन-तीन महिन्यांनी फिल्टर धुवावेत किंवा बदलावेत. ऋतू बदलताना बाहेरची जाळी झाडावी. वर्षातून एकदा चळत काढून सौम्य साबणाच्या पाण्यात धुवावी. कागदासारख्या पटलाची असेल तर उत्पादकाने सांगितल्याशिवाय पाणी लावू नये. निचऱ्याच्या नळीत तांब्याभर पाणी ओतून ते वाहते ना ते पाहावे. आणि पातळ कागदाची पट्टी जाळीशी धरावी: ती फडफडली तरच हवा आहे. आवाजावर विश्वास ठेवू नये.

आणि आपल्याकडे?

आपल्या शाळांना हे यंत्र लागत नाही. समोरासमोरच्या दोन उघड्या खिडक्या ते काम फुकट करतात. पण वातानुकूलित वर्ग आता आपल्याकडेही होत आहेत, आणि भिंतीवरचा नेहमीचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा गार करून पुन्हा फिरवतो. अशा ठिकाणी उलट काम करणारी यंत्रणा लागते. तिथे जाणारी गार, कोरडी हवा येणाऱ्या गरम, दमट हवेची उष्णता आणि वाफही काढून घेते. मोठ्या कार्यालयांत अशी यंत्रणा असते. ती नसेल, तर अधूनमधून खिडकी उघडणे हाच उपाय.

किती वेळाने उघडावी, हा हिशेब मुलांनाच करू द्यावा. वर्ग ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच. मुले ५०. प्रत्येक मूल ताशी १५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडते असे धरा. दारे-खिडक्या बंद केल्यापासून पेटेनकोफर यांची मर्यादा ओलांडायला सात मिनिटेही लागत नाहीत. आपला तास किती मिनिटांचा असतो?