तांदळातला मोबाईल आणि भायखळ्याचा तुरुंग

मागच्या पावसाळ्यात माझा मोबाईल पाण्याच्या बादलीत पडला. आईनं तो पुसला आणि सरळ तांदळाच्या डब्यात खुपसला. दोन दिवसांनी चालू करून बघतो तर चालला की! "बघ, तांदळानं पाणी ओढलं," आई म्हणाली. मीही मान डोलावली. तेवढ्यात आठवीतली भाची म्हणाली, "पण मामा, नुसता टेबलावर ठेवला असता तर चालला नसता का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. निरीक्षण, प्रश्न, अंदाज, प्रयोग, निष्कर्ष... हे सगळं मी शाळेत पाठ केलं होतं. मार्कही मिळाले होते. पण भाचीनं जे विचारलं ते त्या यादीत कुठे ठळक लिहिलेलंच नसतं. ते म्हणजे तुलना. हे केलं नसतं, तर काय झालं असतं?

या प्रश्नावर माणसांचा जीव कसा अवलंबून असतो, त्याची एक गोष्ट आपल्या मुंबईतच घडली आहे.

साल 1896. मुंबईत प्लेग आला. लोक शहर सोडून पळत होते. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये वाल्डेमार हाफकिन नावाचा शास्त्रज्ञ मुंबईत आला. जन्म ओडेसाचा, आणि त्याआधी त्यानं भारतात कॉलऱ्याच्या लशीवर काम केलेलं. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये काम सुरू झालं. प्लेगचे जंतू वाढवायचे, उष्णता देऊन मारायचे आणि ते मेलेले जंतू टोचायचे, म्हणजे शरीर आधीच तयारीला लागेल, असा त्याचा अंदाज होता. 10 जानेवारी 1897 ला त्यानं ती लस स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, टोचलं तिथे दुखलं, पण माणूस ठणठणीत राहिला.

इथे टाळ्या वाजवाव्याशा वाटतात ना? मलाही वाटतात. पण थांबा. यातून लस काम करते हे कळलं का? नाही! फक्त एवढंच कळलं की एका माणसाला ती सोसली. हाफकिनला प्लेग झाला नाही. पण लस न घेता मुंबईत राहिलेल्या कितीतरी लोकांनाही झाला नव्हता. म्हणजे माझ्या मोबाईलसारखंच झालं.

खरी परीक्षा त्याच महिन्याच्या अखेरीस झाली. भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला होता. जे कैदी तयार झाले त्यांना लस टोचली, बाकीच्यांना नाही. छप्पर तेच, जेवण तेच, साथही तीच. दोन्ही गटांत मोठा फरक एकच, तो लशीचा. पुढच्या दिवसांत लस न घेतलेल्यांमध्ये जास्त जण आजारी पडले आणि जास्त जण दगावले. आता लस काम करते असं म्हणायला आधार मिळाला.

तरी मला इथे दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे, तुरुंगातला माणूस "हो" म्हणतो ते कितपत मनापासून? आणि दुसरं, जे स्वतःहून पुढे आले ते मुळातच जास्त धडधाकट असतील तर? म्हणूनच आजकाल कोणाला लस आणि कोणाला नुसतं पाणी हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतात, आणि बऱ्याचदा टोचणाऱ्यालाही ते कळू देत नाहीत.

पुढे 1902 मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावात लस घेतलेले 19 जण धनुर्वातानं गेले. खापर हाफकिनवर फुटलं, त्याचं काम थांबलं. पण त्या दिवशी लस 107 जणांना दिली होती, अनेक बाटल्यांमधून. दगावलेले सगळेच्या सगळे एकाच बाटलीतले! बाकीच्या बाटल्यांच्या लोकांना काहीच झालं नाही. मग दोष लशीचा की त्या एका बाटलीचा? ती उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता, असं चौकशीत पुढे आलं. तरी त्याच्यावरचा ठपका पुसायला 1907 साल उजाडलं. परळच्या त्याच्या प्रयोगशाळेला त्याचं नाव मिळालं ते 1925 मध्ये. हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतो ती हीच.

आता पुन्हा आमच्या घरी. मोबाईल परत बादलीत टाकायची माझी हिंमत नव्हती, म्हणून आम्ही भांडी घासायचे दोन सारखे, कोरे स्पंज आणले. दोन्हींत चार-चार चमचे पाणी. वजनकाट्यावर वजन करून लिहून ठेवलं. एक तांदळाच्या डब्यात, दुसरा त्याच खोलीत उघड्यावर. आणि हे महत्त्वाचं, प्रत्येकानं आपला अंदाज आधीच मोबाईलच्या नोट्समध्ये टाकला. नाहीतर नंतर सगळेच म्हणतात, "मला माहीतच होतं!"

दुसऱ्या दिवशी वजन केलं. उघड्यावरचा स्पंज जास्त सुकला होता. माझा अंदाज चुकला, आईचाही. आई म्हणाली, "एकदा करून काय होतं? आणि स्पंज म्हणजे मोबाईल नव्हे." दोन्ही मुद्दे बरोबर आहेत, खरं तर.

आता भाची विचारतेय, उघड्यावरच्या स्पंजला त्या दिवशी पंख्याचा वारा लागत होता, त्याचं काय? रविवारी पंखा बंद ठेवून पुन्हा करणार आहोत. तुमच्याकडे स्पंज असतील तर तुम्हीही करा, आणि वजनं मला कळवा.