विश्लेषण : मराठी बरोबर, मग इंग्रजी का चुकते?

‘मी कालच गावाहून आलो आहे.’ या मराठी वाक्यात खोट काढता येत नाही. तेच जसेच्या तसे इंग्रजीत नेऊन ‘आय हॅव कम यस्टरडे’ लिहिले, की वहीत लाल गोल पडतो. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. हा लाल गोल मात्र अनेकांची पाठ दहावीपर्यंत सोडत नाही.

काळाच्या नावाचा घोळ

शाळेत दोन्ही भाषांतल्या या रूपाला ‘पूर्ण वर्तमानकाळ’च म्हणतात. घोळ तिथेच सुरू होतो. नाव एक, वागणूक वेगळी. मराठीत ‘आलो आहे’सोबत ‘काल’, ‘गेल्या वर्षी’ खुशाल चालते. इंग्रजीतल्या ‘हॅव’ला संपून गेलेली वेळ सांगणारा शब्द खपत नाही. ‘काल’ आला, की ‘आय केम यस्टरडे’. म्हणजे मुलाने नियम पाळलेलाच असतो, फक्त तो मराठीचा. दोन्ही वाक्ये फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिली तर हा फरक दिसतो. नुसती रूपे घोकून नाही.

पैसे कुणी भरायचे?

सर्वांत महागात पडते ती ‘की’ची चूक. ‘तो म्हणाला की पैसे मी भरतो.’ इथे ‘मी’ म्हणजे ‘तो’, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. पण ‘ही सेड दॅट आय विल पे’ म्हटले, की इंग्रजीत पैसे निरोप सांगणाऱ्याच्या गळ्यात! ‘आय’चा ‘ही’ आणि ‘विल’चा ‘वुड’ करावा लागतो. नाहीतर ‘दॅट’ गाळून त्याचे शब्द अवतरणचिन्हांत ठेवावे लागतात. कागदावर ही चिन्हे वाचवतात. फोनवर ती ऐकू येत नाहीत. ‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’ हा प्रश्न केवळ गुणांपुरता नाही, तो असा.

स्वल्पविरामाची सवय

विरामचिन्हे मराठीलाही बाहेरूनच मिळाली. मोडीत तर शब्दसुद्धा सुटे लिहीत नसत. मेजर थॉमस कँडी यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० मधली. चिन्हे इंग्रजीकडून आली, सवयी आपल्याच राहिल्या. ‘पाऊस आला, शाळा सुटली’ हे मराठीत झकास वाक्य. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडणे चूक धरतात; ‘अँड’ तरी हवा, अर्धविराम तरी, नाहीतर सरळ पूर्णविराम.

देवनागरीची मदत

मराठी दरवेळी आडवीच येते असे नाही. ‘अ’ की ‘ॲन’, हे स्पेलिंगवर नाही, उच्चारावर ठरते. अशा वेळी शब्द देवनागरीत लिहून पाहावा. ‘अवर’ स्वराने सुरू होतो, म्हणून ‘ॲन अवर’. ‘युनिव्हर्सिटी’ सुरू होते ‘य’ने, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. स्पेलिंगमधले ‘एच’ आणि ‘यू’ फसवायला उरतच नाहीत. आमदारालाही हाच नियम : ‘एमएलए’ लिहिले की पहिला ‘ए’ दिसतो, म्हणून ‘ॲन एमएलए’.