रानडुकरांच्या बंदोबस्तासाठी बंदूक : काडतूस निवडण्यापूर्वी



भुईमुगाच्या शेंगा भरू लागल्या, मका दुधावर आला, बटाट्याच्या सऱ्या फुगल्या की खेड, मावळ आणि चाकण पट्ट्यातील शिवारात रानडुकरांचा उपद्रव सुरू होतो. डुक्कर खाते त्यापेक्षा उकरून आणि तुडवून जास्त नुकसान करते. कळप एकदा आत शिरला की सकाळी शेत नांगरल्यासारखे दिसते. पूर्वी डुकरे डोंगराच्या बाजूने येत. आता औद्योगिक वसाहतीच्या आसपास बिगरशेती होऊन पडून राहिलेले प्लॉट, त्यांत माजलेली वेडी बाभूळ व घाणेरी, ओढ्याकाठची झाडी आणि उभा ऊस यांत ती दिवसभर दडून बसतात. म्हणजे जनावर लांब जंगलात नसून बांधापलीकडेच असते.

अशा वेळी बंदुकीचा विचार मनात येणे साहजिक आहे. अलीकडे तरुण शेतकरी विचारतात, की परदेशात उपद्रवी जनावरांसाठी लहान मापाची, अतिशय वेगवान गोळीची रायफल वापरतात, ती आपल्याकडे का वापरू नये? प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी काडतुसाची थोडी माहिती हवी.

माप कसे वाचावे

रायफलीच्या काडतुसावरील आकडा बहुधा इंचात असतो. .२२ म्हणजे इंचाचे शंभर भाग केल्यास त्यातील बावीस, अर्थात सुमारे ५.६ मि.मी. आपल्याकडे परवानाधारकांत परिचित असलेली .३१५ रायफल म्हणजे ८ मि.मी. रायफलीच्या नळीत आतून पिळदार खाचा असतात. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत, सरळ रेषेत जाते. बारा बोअरच्या बंदुकीची नळी मात्र आतून गुळगुळीत असते आणि तिचे माप वेगळ्याच हिशेबाचे आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातील एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअर. तिचा व्यास सुमारे १८.५ मि.मी. भरतो. म्हणून बोअरचा आकडा वाढला की नळी बारीक होते, हे खरेदी करताना अनेकांच्या लक्षात येत नाही.

वेगवान बारीक गोळी कशासाठी?

साध्या .२२ काडतुसाची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची असते व ती सेकंदाला ३३० ते ३८० मीटर वेगाने सुटते. तेवढ्याच जाडीची, पण बरीच जास्त दारू मावणारी लांब काडतुसे विसाव्या शतकात अमेरिकेत पुढे आली. .२२० स्विफ्ट हे १९३५ मध्ये, .२२२ रेमिंग्टन १९५० मध्ये. त्याच घराण्यातील .२२३ ची साडेतीन ग्रॅमची गोळी सेकंदाला जवळजवळ एक किलोमीटर जाते. आपल्या सैन्याच्या इन्सास रायफलीचे ५.५६ मि.मी. काडतूस याच मापाचे आहे.

वेगाचे दोन फायदे आहेत. पहिला, गोळी कमी खाली येते. शंभर मीटर अंतर कापायला .२२३ च्या गोळीला सेकंदाचा दहावा भाग लागतो, तेवढ्या वेळात ती नळीच्या रेषेपासून पाच-सहा सेंटिमीटरच खाली येते. साध्या .२२ ची गोळी त्याच अंतरावर जवळजवळ अर्धा मीटर खाली येते. त्यामुळे अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी वेगवान गोळीचा नेम फारसा चुकत नाही. दुसरा फायदा माऱ्याचा. वेग दुप्पट झाला की गोळीतील शक्ती चौपट होते. शिवाय या गोळ्या पातळ कवचाच्या व हलक्या असतात, त्या लागताच फुटतात.

अमेरिकेत या काडतुसांचे लक्ष्य म्हणजे कुरणात बिळे करणारी, खारीच्या कुळातील प्रेअरी डॉग, किंवा कोल्ह्याएवढा कोयोट. मोकळे माळरान, दोन-तीनशे मीटरचे अंतर आणि पाच-दहा किलोचे जनावर, अशा कामासाठी ती बनलेली आहेत. आपल्याकडे या आकाराची जनावरे म्हणजे ससा, खोकड, कोल्हा, मुंगूस. त्यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. शिवाय कोल्हा, खोकड ही शेतातील उंदीर खाणारी म्हणून शेतकऱ्याच्या उपयोगाचीच आहेत. तेव्हा ज्या कामासाठी हे काडतूस उत्तम, ते काम आपल्या शिवारात नाही.

डुकरावर ती का चालत नाही

पूर्ण वाढलेला नर क्विंटलच्या आसपास भरतो. त्याच्या खांद्यावर जाड, चिवट कातडीची ढालच असते, वर चिखलाचा थर. लागताच फुटण्यासाठी बनवलेली साडेतीन ग्रॅमची गोळी या ढालीवर किंवा खांद्याच्या हाडावर फुटून जाते, आतल्या मर्मस्थानापर्यंत पोचत नाही. जनावर मरत नाही, जखमी होते आणि उसात शिरते. सकाळी त्या उसात कोण जाणार? आपणच, नाहीतर तोडणीचे मजूर. जखमी डुक्कर पळत नाही, अंगावर येते. साध्या .२२ ने डुकरावर गोळी झाडणे हे तर त्याहून वाईट. ते जनावराचे हाल करणे होय.

गोळी कोठे जाऊन पडते?

चाकण पट्ट्यात काडतुसाच्या निवडीपेक्षा हा प्रश्न मोठा आहे. चुकलेली गोळी नाहीशी होत नाही. नळी थोडी वर असेल तर साध्या .२२ ची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते; .२२३ किंवा .३१५ ची तीन किलोमीटरच्या आसपास. आता आपल्या शेतात उभे राहून चारी दिशांना तीन किलोमीटर मोजून पाहावे. म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी या गावांत त्या वर्तुळात कारखाने येतात, कामगारांच्या भाड्याच्या खोल्यांच्या चाळी येतात, पुणे-नाशिक महामार्ग किंवा तळेगाव-चाकण रस्ता येतो. तिसऱ्या पाळीचा कामगार रात्री याच पायवाटांनी ये-जा करतो. ज्या वेळी डुक्कर येते त्याच वेळी तोही येतो.

वेगवान बारीक गोळी मऊ मातीत शिरून फुटते, त्यामुळे ती उसळण्याचा धोका तुलनेने कमी, असे सांगितले जाते आणि ते खरे आहे. पण आपली जमीन बऱ्याच ठिकाणी मुरमाड, मध्येच खडक उघडा पडलेली. शिवाय जी गोळी जमिनीला लागलीच नाही तिला हा गुण काय उपयोगाचा? साध्या .२२ ची शिशाची गोळी तर दगडावरून, पाण्यावरूनही उसळते.

म्हणून रायफल असो की बारा बोअर, नियम एकच ठेवावा : माळ्यावरून खाली, आणि जनावराच्या मागे मातीचा चढ किंवा उंच ताल असेल तरच. आडवी गोळी कधीही झाडू नये. हालचाल दिसली, उसाची पाने सळसळली, एवढ्यावर चाप ओढू नये. जुन्नर वन विभागात, ज्यात जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर हे तालुके येतात, उसात बिबट्या असतो हे आपणांस सांगायला नको. बिबट्या अनुसूची १ मधील प्राणी आहे. त्याला मारल्यास किमान तीन वर्षे कैदेची शिक्षा आहे. आणि ती सळसळ माणसाची असली तर त्याची भरपाई कशानेच होत नाही.

कायदा काय म्हणतो

दोन वेगवेगळ्या परवानग्या लागतात आणि शेतकरी इथेच फसतो. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याची परवानगी नव्हे.

बंदुकीचा परवाना १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली मिळतो. त्यातील कलम १३ वाचण्यासारखे आहे. पीक संरक्षणासाठी कायद्याने मुळात ठासणीची बंदूक सांगितली आहे. ती पुरेशी पडणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाल्यास किमान वीस इंच लांबीच्या गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. .२२ रायफलीचा उल्लेख त्याच कलमात आहे, पण तो रायफल क्लबच्या सदस्यांच्या नेमबाजीच्या सरावासाठी. तेव्हा पीक संरक्षणाच्या कारणाने वेगवान रायफल मिळेल, तिची काडतुसे साध्या परवान्यावर सहज मिळतील, असे धरून पैसे अडकवू नयेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात व परवान्याची मुदत पाच वर्षे आहे. वडिलोपार्जित बंदुका असलेल्या घरांनी हे तपासून घ्यावे.

अर्ज कोणाकडे करायचा, याविषयी आपल्या भागात गोंधळ आहे. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सुरू झाले. चाकण, आळंदी, देहूरोड, तळेगाव दाभाडे ही ठाणी त्यात गेली. या हद्दीतील शेतकऱ्याने पोलीस आयुक्तांकडे, तर राजगुरुनगरसारख्या ग्रामीण पोलिसांच्या हद्दीतील शेतकऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावयाचा असतो. खेड तालुक्याच्या पश्चिम भागात आणखी एक गोष्ट आहे. भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये झाले. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे नोंदणी करावी लागते आणि तेथे नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही.

दुसरी परवानगी वन विभागाची. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहे. उभ्या पिकाला धोका झाला असेल तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. त्यासाठी आपल्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात अर्ज द्यावा. तोंडी होकारावर विसंबू नये. परवानगीने मारलेले डुक्करही शासनाची मालमत्ता असते. त्याचे मांस वाटून घेणे हा वेगळा गुन्हा होतो. फासे, गावठी बॉम्ब आणि कुंपणात थेट वीज सोडणे यांचा विचारही करू नये. विजेच्या तारेला डुकराआधी घरचेच माणूस किंवा बैल लागतो.

मग कोणते काडतूस?

वरील सर्व पाहता आपल्या पट्ट्यात, परवानगी हाती असताना, बारा बोअरचीच बंदूक योग्य. तिचा मारा जवळचा असतो हा तिचा दोष मानला जातो. दाट वस्तीत तोच तिचा गुण आहे. छर्रे काही शे मीटरमध्ये दम टाकतात.

डुकरासाठी मोठ्या छऱ्यांचे काडतूस घ्यावे. एल.जी. मध्ये छर्रे थोडे पण मोठे, एस.जी. मध्ये त्याहून जास्त पण लहान. दोन्ही २५ ते ३० मीटरच्या आतच वापरावीत. पुढे छर्रे पसरतात व जनावर नुसते जखमी होते. पाखरांसाठीचे बारीक छर्रे डुकरावर अजिबात वापरू नयेत. खडकी येथील दारूगोळा कारखान्यात, जो १८६९ पासून आहे व २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीकडे आहे, तयार होणारी काडतुसे परवानाधारक दुकानात मिळतात. परवान्यावर नोंद करूनच घ्यावीत.

काडतुसाची लांबी जरूर पाहावी. जुन्या बंदुकांचे काडतूसघर बहुधा ६५ मि.मी. चे असते, नवी काडतुसे ७० मि.मी. ची. लांब काडतूस आखूड घरात बसते, पण उडताना त्याचे तोंड पूर्ण उघडायला जागा मिळत नाही व दाब धोकादायक वाढतो. नळीवर कोरलेले माप वाचावे, नसेल तर परवानाधारक कारागिराकडून मोजून घ्यावे. नळीच्या बाहेरून पिळाची नक्षी दिसणारी आजोबांच्या काळातील बंदूक असेल, तर तिच्यात आजची धूरविरहित दारूची काडतुसे घालू नयेत. ती भिंतीवरच शोभते. पावसाळ्यात कागदी काडतुसे फुगतात. फुगलेले काडतूस ठोकून बसवू नये, बाजूला काढावे.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. नेमके तेव्हाच कणीस भरत असेल तर? म्हणून एकट्या बंदुकीवर पीक सोडू नये. सौर कुंपण केल्यास सर्वांत खालची तार जमिनीपासून १५ ते २० सें.मी. वर ठेवावी, कारण डुक्कर खालून मुसंडी मारते. मुरमाड जमिनीत कुंपणाचे अर्थिंग खोल घ्यावे व तेथे ओल राखावी. तारेला टेकणारे गवत दर आठवड्याला काढावे, नाहीतर झटका जमिनीतच जिरतो.

उंदरांसाठी छऱ्याची किंवा .२२ ची बंदूक विचारणारेही भेटतात. उंदीर गोळीने आटोक्यात येत नाहीत. बिळे बुजवून दुसऱ्या दिवशी उघडलेल्या बिळांजवळच ब्रोमॅडिओलोनची ०.००५ टक्के वडी, वेष्टनावरील सूचनेप्रमाणे, ठेवावी आणि हे काम सगळ्या शिवारात एकाच वेळी करावे.

पिकाचे नुकसान झाले असेल तर उकरलेल्या सऱ्या सारख्या करण्यापूर्वी छायाचित्रे काढावीत, पायाचे ठसे राखावेत, आणि सात-बारा उताऱ्यासह नुकसानभरपाईचा अर्ज त्याच दिवशी वनपरिक्षेत्र कार्यालयात देऊन पोच घ्यावी. कलम ११ च्या परवानगीसाठी अर्ज करताना याच पंचनाम्याची प्रत जोडता येते.