डायटिशियन व्हायचंय? फी भरण्याआधी ‘रजिस्टर्ड’ म्हणजे काय ते समजून घ्या

मुदखेड : बारावीचा निकाल लागला की घरोघरी नर्सिंग, फार्मसी, डीएमएलटी यांचीच चर्चा होते. आहारशास्त्राचं नाव क्वचितच निघतं. दुसरीकडे मोबाईलवर मात्र ‘तीन महिन्यांत डायटिशियन व्हा’ अशा जाहिराती सारख्या येतात. असा कोर्स केला तर प्रमाणपत्र मिळेल, पण ‘रजिस्टर्ड डायटिशियन’ होता येणार नाही. त्याचा रस्ता वेगळा आणि लांबचा आहे.

हा स्वयंपाकाचा कोर्स नाही

शुगरच्या पेशंटला कुणीतरी सांगतं, ‘भात बंद करा, भाकरी खा.’ मग तो ताटात चार भाकरी घेतो. पण ज्वारीतही पिष्टमय पदार्थ असतातच. भाकरी किती, सोबत वरण-भाजी किती आणि गोळीची वेळ कोणती, हा हिशोब घालून देणं हे आहारतज्ज्ञाचं काम.

किडनीच्या पेशंटचं आणखी अवघड. डायलिसिस सुरू होण्याआधी प्रथिनं बेतानं द्यावी लागतात, तर डायलिसिस सुरू झाल्यावर ती वाढवावी लागतात. म्हणजे डाळ तीच, पण एका पेशंटला कमी आणि दुसऱ्याला जास्त. इथं चुकीचा सल्ला जिवावर बेतू शकतो. म्हणूनच शरीरशास्त्र, जीवरसायनशास्त्र आणि आजारांतील आहार हे विषय शिकावे लागतात.

टप्पे कोणते?

१) बारावीनंतर गृहविज्ञान, अन्नशास्त्र व पोषण किंवा आहारशास्त्र यातील ३ ते ४ वर्षांची पदवी.

२) त्यानंतर याच विषयात २ वर्षांची एम.एस्सी. किंवा आहारशास्त्राचा पदव्युत्तर डिप्लोमा.

३) मोठ्या रुग्णालयात साधारण ६ महिन्यांची इंटर्नशिप.

४) शेवटी इंडियन डायटेटिक असोसिएशनची ‘आर.डी.’ परीक्षा. ही संघटना १९६३ साली स्थापन झाली. परीक्षा पास झाल्यावरच नावापुढं ‘आर.डी.’ लावता येतं.

बारावीनंतर एकूण पाच ते साडेसहा वर्षं धरून चाला. खर्चाचा आणि मुलीच्या शिक्षणाचा विचार घरच्यांनी त्या हिशोबानं आधीच करावा. नुसती पदवी झाली म्हणजे ‘रजिस्टर्ड’ झालो, असं नाही.

कायदा काय सांगतो?

२०२१ साली संसदेनं सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात आहारतज्ज्ञ आणि पोषणतज्ज्ञ यांचाही समावेश आहे. आरोग्य व्यावसायिकाच्या पदवीसाठी किमान ३६०० तासांचं शिक्षण या कायद्यानं ठरवलं आहे. राज्य परिषदेकडं नोंदणी करण्याची तरतूदही त्यात आहे.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे अन्न व पोषणशास्त्र, क्लिनिकल न्यूट्रिशन आणि डायटेटिक्स हे अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाईन पद्धतीनं चालवू नयेत, असा आदेश विद्यापीठ अनुदान आयोगानं दिला आहे. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून तो लागू आहे. त्यामुळं ‘घरबसल्या डिग्री’ म्हणून कुणी प्रवेश देत असेल तर आधीच सावध व्हा.

जवळ कुठं शिकता येईल?

मुदखेडहून रेल्वेनं गाठता येईल अशा परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे. पूर्वी ते गृहविज्ञान महाविद्यालय म्हणून ओळखलं जायचं. अन्नशास्त्र आणि पोषण हा तिथला एक प्रमुख विषय आहे. मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठ आणि निर्मला निकेतनचं गृहविज्ञान महाविद्यालय ही या विषयातली जुनी नावं. हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तिनं २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या १७ मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या.

काम कुठं मिळतं?

खासगी व सरकारी रुग्णालयं, डायलिसिस सेंटर, वसतिगृहांची आणि कंपन्यांची भोजनालयं, खाद्यपदार्थांचे कारखाने इथं संधी असते. अतिकुपोषित बालकांसाठीच्या पोषण पुनर्वसन केंद्रातही आहाराचं काम पाहणारी व्यक्ती लागते. ज्वारी, तूर, अंबाडी, शेंगदाणा ही आपल्याकडची ताटं ओळखणारी गावाकडची मुलं या कामात मागं पडणार नाहीत. पेशंटच्या घरात जे शिजतं, त्यातूनच आहार बसवायचा असतो.

फी भरण्याआधी हे विचारा

• पदवी कोणत्या विद्यापीठाची? त्याला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का?

• वर्ग प्रत्यक्ष भरतात की फक्त ऑनलाईन?

• हा कोर्स करून पुढं आर.डी. परीक्षेला बसता येतं का?

• इंटर्नशिप कोणत्या रुग्णालयात, किती महिने?

उत्तरं तोंडी घेऊ नका, माहितीपुस्तिकेत लिहिलेली पाहा. आर.डी. परीक्षेची पात्रता संघटनेच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. या चार प्रश्नांची सरळ उत्तरं मिळेपर्यंत ॲडमिशनचे पैसे खिशातच राहू द्या.