जुनी गाडी, मोठे इंजिन



मागच्या महिन्यात नववीच्या वर्गात एका मुलाने विचारले, "सर, आजोबांच्या अँबेसिडरमध्ये मोठं इंजिन टाकलं तर ती नव्या गाडीसारखी पळेल ना?" घरी तशी बोलणी चालू आहेत, असे नंतर कळले. मिस्त्रीने खर्च सांगितला आहे, भंगार बाजारातले इंजिन पाहून झाले आहे आणि सुटीत त्याच गाडीने सेंधव्यावरून नाशिकला जाण्याचा बेत आहे. इंदूरच्या आपल्या मराठी घरांतून अशा जुन्या गाड्या अजून बऱ्याच आहेत. कोणी आजोबांची आठवण म्हणून ठेवल्या आहेत, कोणी विकवत नाहीत म्हणून. तेव्हा हे उत्तर एका मुलापुरते न ठेवता येथे देत आहे.

गाडी पळेल, यात शंका नाही. ती थांबेल का, हे मात्र आधी पाहावे लागते.

प्रथम "मोठे" म्हणजे काय ते समजून घेऊ. इंजिनाचा आकार बाहेरून मोजत नाहीत. पिस्टन ज्या नळकांड्यात वरखाली होतो त्याचा व्यास म्हणजे बोअर, आणि पिस्टन जितका सरकतो ते अंतर म्हणजे स्ट्रोक. वृत्तचितीचे घनफळ तुम्ही शिकला आहात, तेच येथे लावायचे. अँबेसिडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनाचा बोअर सुमारे ७.३ सेंटिमीटर आणि स्ट्रोक ८.८९ सेंटिमीटर. त्रिज्येचा वर्ग, गुणिले २२/७, गुणिले स्ट्रोक, आणि सिलिंडर चार म्हणून गुणिले ४. उत्तर येते १४८९ घन सेंटिमीटर. आर.सी. बुकात जो "सी.सी."चा आकडा असतो तो हाच.

आता इसुझूचे इंजिन घ्या. त्याचा बोअर ८.४ आणि स्ट्रोक ८.२. गणित केले की १८१७ च्या आसपास आकडा येतो. क्षमता वाढली साधारण २२ टक्के, पण अँबेसिडरमध्ये शक्ती मात्र सुमारे ५० अश्वशक्तीवरून ७५ वर गेली, म्हणजे दीडपट. असे का? स्ट्रोक आखूड असल्यामुळे इंजिन जास्त फेरे घेऊ शकते, आणि झडपा चालवणारा कॅमशाफ्ट वर हेडमध्येच असल्यामुळे त्या वेगातही झडपा वेळेवर उघडतात आणि मिटतात. आम्ही कॉलेजात भौतिकी हिंदीतून शिकलो, तेथे टॉर्कला "बल-आघूर्ण" म्हणत. आमचा मिस्त्री नुसता "अब गाड़ी खींचती है" म्हणतो. अर्थ तोच, आणि त्याचे शब्द लवकर कळतात.

हे इंजिन अँबेसिडरमध्ये बसवण्याचे काम स्वतः कारखान्यानेच केले होते. हिंदुस्तान मोटर्सने १९८४ मध्ये काँटेसा बाजारात आणली तेव्हा त्या लांबरुंद गाडीत अँबेसिडरचेच १४८९ सी.सी.चे इंजिन होते. दिसायला राजेशाही आणि चालीला सुस्त, अशी तिची ख्याती झाली. पुढे तिला इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन मिळाले आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तेच अँबेसिडरमध्येही आले. पण लक्षात घ्या, कारखान्याने नुसते इंजिन बदलले नाही. त्याच्याबरोबर पाच गिअरचा नवा गिअरबॉक्सही दिला. शिवाय चाचण्या घेतल्या आणि सरकारी मंजुरी मिळवली. गल्लीतल्या गॅरेजात यातले काय काय होते, ते पालकांनी विचारून घ्यावे.

इंजिनाची शक्ती थेट चाकापर्यंत जात नाही. आधी क्लच, मग गिअरबॉक्स, मग प्रोपेलर शाफ्ट, मग डिफरन्शियल, मग ॲक्सल आणि शेवटी चाक, असा तिचा प्रवास असतो. प्रत्येक भाग जुन्या इंजिनाच्या जोरापुरता घडवलेला असतो. दीडपट जोर आला की या साखळीतली सर्वांत अशक्त कडी आधी तुटते. बहुधा प्रथम क्लच घसरू लागतो, तो बदलला की पुढचा जॉइंट वाजू लागतो. नव्या इंजिनाबरोबर त्याचाच गिअरबॉक्स बसवला तर वेगळीच गंमत होते. स्पीडोमीटरची तार गिअरबॉक्समधून निघते, तिथले दाते जुळले नाहीत तर काटा खोटा वेग दाखवतो.

उष्णतेचेही तसेच आहे. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग चाकांच्या कामी येतो, बाकीची उष्णता सायलेन्सर आणि रेडिएटर यांच्या वाटे बाहेर टाकावी लागते. मोठे इंजिन जास्त इंधन जाळणार, म्हणून रेडिएटरही मोठा हवा. नाहीतर मे महिन्यात चढावर बॉनेट उघडून उभे राहावे लागते.

आणि पत्रा! अँबेसिडरला ट्रकसारखी वेगळी चॅसी नाही, बॉडी हीच तिची हाडे. चाळीस वर्षांच्या गंजलेल्या तळपत्र्याला वजनदार इंजिनाचे हादरे सोसायला लावणे म्हणजे वाळवी लागलेल्या तुळईवर माळा चढवणे होय. रंग नवा असला की गंज दिसत नाही. तो पाहायला गाडी उचलून खालून पत्रा ठोकून पाहावा लागतो.

आता ब्रेक. विषय महत्त्वाचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. गतिमान वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० ऐवजी ८० च्या वेगाने गाडी चालली तर वेग वाढला एक तृतीयांशाने, पण ऊर्जा झाली जवळजवळ पावणेदोनपट. गाडी थांबवायची म्हणजे ही सगळी ऊर्जा ब्रेकने उष्णतेत बदलायची. जुन्या अँबेसिडरला चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. ड्रम म्हणजे बंद डबा, आतली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. ड्रम तापून फुगतो आणि लायनरपासून दूर सरकतो, लायनरचे घर्षण कमी होते, आणि पॅडल खोल जाऊ लागते. वर्षानुवर्षे बदलले नसेल तर ब्रेक ऑइलने हवेतले पाणी शोषलेले असते. ते पाणी तापून त्याची वाफ झाली की पॅडल रिकामे जाते.

बिजासन घाट उतरताना हे सगळे एकदम घडू शकते. मोठ्या इंजिनामुळे सपाटीवर गाडी वेगात आलेली असते, उतार सुरू होतो, मागच्या सीटवर मुले असतात आणि डिकीत सामान. चालवणाऱ्याला नव्या जोराची सवय झालेली असते, जुन्या ब्रेकचा त्याला विसर पडलेला असतो. म्हणून इंजिन बदलायचेच असेल तर पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आधी बसवावेत, इंजिन नंतर. मिस्त्री उलट क्रम सांगत असेल तर दुसरा मिस्त्री शोधावा.

पेट्रोल काढून डिझेल इंजिन टाकणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. ज्या गाडीत ब्रेकला व्हॅक्यूम बूस्टर असतो, तिथे पेट्रोल इंजिन श्वास घेताना जी पोकळी निर्माण होते तिच्यावर तो चालतो. डिझेल इंजिनात तशी पोकळी होत नाही, त्यासाठी वेगळा पंप लागतो. पंप जोडायचा राहिला तर पॅडल दगडासारखे कडक होते. डिझेल इंजिन वजनालाही जड असते, ते ओझे पुढच्या चाकांवर आणि स्टिअरिंगवर येते.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कारखान्याने दिलेल्या आणि आर.सी.त नोंदलेल्या तपशिलांत मालकाला मनाने बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. इंजिन निकामी झाले आणि त्याच बनावटीचे दुसरे बसवायचे असेल तर आर.टी.ओ.ची परवानगी घेऊन नवा इंजिन नंबर नोंदवण्याचा मार्ग आहे. मोठ्या क्षमतेचे परके इंजिन ही वेगळी बाब आहे. आधी लेखी विचारा, मग पैसे द्या. भंगारातून इंजिन घेताना पक्के बिल हवेच. खोडलेल्या नंबराचे इंजिन चोरीच्या गाडीचे निघाले तर जबाब द्यायला ठाण्यात आपल्यालाच जावे लागते. विम्याचेही पाहा. खासगी गाडीच्या थर्ड पार्टी विम्याचा हप्ता १००० आणि १५०० सी.सी. या टप्प्यांवर ठरतो. १४८९ ची गाडी १८१७ ची झाली की टप्पाच बदलतो. कंपनीला न कळवता गाडी चालवली आणि अपघात झाला, तर दाव्याचा वाद वर्षानुवर्षे चालू शकतो.

मग त्या मुलाच्या आजोबांच्या गाडीचे काय? माझे मत विचाराल तर आधी आहे त्या इंजिनाचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. जुनी गाडी "ओढत नाही" याचे कारण बहुतेक वेळा ती मुळात दुबळी होती हे नसते. रिंगा झिजलेल्या असतात, झडपा नीट बसत नाहीत, कार्बोरेटर कचऱ्याने भरलेला असतो. बोअरिंग करून नवे पिस्टन आणि रिंगा घातल्या, झडपा घासून बसवल्या, की कारखान्यातून निघाली तेव्हाची शक्ती बरीचशी परत मिळते, आणि आर.सी.तला नंबरही तोच राहतो. वाचलेल्या पैशांतून ब्रेकचे चारही ड्रम उघडून लायनर, रबरी कप, होज पाइप आणि ऑइल बदलावे. पन्नास अश्वशक्तीत नाशिकला पोहोचायला तासभर जास्त लागेल, एवढेच.

नववी आणि दहावीच्या मुलांसाठी गणित: प्रीमियर पद्मिनीच्या इंजिनाचा बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर, सिलिंडर ४. क्षमता किती घन सेंटिमीटर? घरात किंवा शेजारी पद्मिनी असेल तर तिच्या आर.सी. बुकाशी उत्तर ताडून पाहा आणि वही विज्ञानाच्या तासाला आणा.