पंधरवड्याची मिशनयात्रा

परदेशगमनाचे हेतू नाना प्रकारचे असतात. कोणी विद्येसाठी जातो, कोणी पोटासाठी, कोणी तीर्थाटनासाठी, तर कोणी नुसत्या कुतूहलापोटी. गेल्या साठ-सत्तर वर्षांत या हेतूंत आणखी एकाची भर पडली आहे. ख्रिस्ती मंडळीतील दहा-पंधरा तरुण-तरुणींचा गट एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या देखरेखीखाली दोन-तीन आठवड्यांसाठी परक्या देशात जातो. तेथे तो शाळेच्या भिंती रंगवतो, मुलांना गाणी शिकवतो, रुग्णालयात हातभार लावतो, स्थानिक मंडळीबरोबर उपासना करतो आणि सुट्टी संपण्यापूर्वी घरी परततो. हीच अल्पमुदतीची मिशनयात्रा होय. चालू शतकाच्या पहिल्या दशकात अभ्यासकांनी केलेल्या अंदाजाप्रमाणे एकट्या अमेरिकेतून दरवर्षी सुमारे सोळा लाख ख्रिस्ती लोक अशा यात्रेस बाहेर पडत असत. तेव्हा हा काही थोड्या उत्साही लोकांचा छंद राहिलेला नाही. ती एक रूढी झाली आहे, आणि रूढीचे गुणदोष तपासून पाहणे नेहमीच हिताचे असते.

भारतात या रूढीचा विचार करावयाचा तर बंगळूरकडे पाहणे सोयीचे ठरते. या शहरात ख्रिस्ती संस्थांची दाटी आहे. धर्मशास्त्राचे शिक्षण देणारे युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज १९१० साली येथे स्थापन झाले. शाळा, रुग्णालये, वसतिगृहे आणि निरनिराळ्या पंथांची मुख्य कार्यालये यांनी शहराचा जुना छावणीचा भाग गजबजलेला आहे. हवा सौम्य आहे, इंग्रजीवर काम निभावते आणि जगाच्या चारही दिशांनी विमाने येतात. परदेशी तरुणांना भारताची पहिली ओळख करून देण्यास याहून सोयीचे गाव शोधूनही सापडणार नाही.

परंतु याच बंगळुरात, महात्मा गांधी रस्त्यावर, एक पुतळा उभा आहे आणि त्याची कथा अगदी निराळी आहे. तो पुतळा फर्डिनांड किटेल या जर्मन मिशनऱ्याचा. बाझल मिशनच्या वतीने किटेल १८५३ साली भारतात आले. ज्या मिशनच्या कारखान्यातून मंगळुरी कौले निघून कोकणातील घराघरांवर चढली, तेच हे मिशन. किटेलांचे नाव राहिले ते मात्र कौलांमुळे नव्हे, तर कन्नड भाषेच्या कोशामुळे. त्यांचा कन्नड-इंग्रजी कोश १८९४ साली प्रसिद्ध झाला. येणे आणि कोश यांमध्ये एकेचाळीस वर्षांचे अंतर आहे. ज्यांना आपण काही सांगावयास आलो त्यांची भाषा आधी शिकली पाहिजे, या एका जाणिवेत एका माणसाचे बहुतेक आयुष्य खर्ची पडले. आज कर्नाटकात किटेलांचे स्मरण होते ते त्यांनी दिलेल्या प्रवचनांसाठी नाही, त्या शब्दसंग्रहासाठी.

मराठी मुलखाचा अनुभवही असाच आहे. अमेरिकेतील विल्यम्स कॉलेजच्या पाच विद्यार्थ्यांनी १८०६ साली वादळी पावसात गवताच्या गंजीच्या आडोशाला प्रार्थना केली आणि परदेशी जाण्याचा संकल्प सोडला. त्याही काळी आरंभ तरुणांच्याच गटाने केला होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या संकल्पातून जे मिशन उभे राहिले त्याचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे १८१३ साली मुंबईस उतरले. कंपनी सरकारला ते नको होते, हवा मानवणारी नव्हती, आणि परतीची वाट महिनोन् महिन्यांच्या समुद्रप्रवासाची होती. हॉल १८२६ साली याच मातीत कॉलऱ्याने मरण पावले. पुढच्याच वर्षी आलेल्या सिंथिया फरार यांनी मुंबईत आणि नंतर अहमदनगरला मुलींच्या शाळा चालविल्या व १८६२ साली नगरलाच देह ठेवला. त्यांच्या शाळेचे काम पाहूनच जोतीराव फुल्यांना मुलींच्या शिक्षणाची प्रेरणा मिळाली, आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे काही धडे त्यांच्याकडे घेतले. त्या लोकांच्या धर्ममतांशी कोणाचे जमो वा न जमो, ते राहावयास आले होते, एवढे तरी मान्य करावे लागेल.

मग आयुष्यभराचा प्रवास पंधरवड्यावर कसा आला? याचे उत्तर एका टप्प्यात मिळत नाही. १८८६ साली अमेरिकेत माउंट हर्मन येथे भरलेल्या शिबिरात शंभर विद्यार्थ्यांनी मिशनरी होण्याची प्रतिज्ञा केली. त्यातून निघालेल्या विद्यार्थी चळवळीने पुढील काही दशकांत वीस हजारांहून अधिक तरुण जगभर पाठविले. तरीही ते आयुष्यभरासाठीच जात. पहिल्या महायुद्धानंतर मात्र निराळी कल्पना रुजली. पिएर सेरेसोल या स्विस अभियंत्याने १९२० साली फ्रान्समधील युद्धात उद्ध्वस्त झालेल्या एका खेड्यात निरनिराळ्या देशांच्या स्वयंसेवकांना फावडे-कुदळ घेऊन एकत्र आणले. कालच्या शत्रूंनी एकमेकांची घरे बांधावी, हा त्यामागचा ख्रिस्ती शांतिवाद्याचा विचार. जानेवारी १९३४ मध्ये बिहारला भूकंप झाला तेव्हा हेच सेरेसोल भारतात आले, राजेंद्रप्रसादांच्या सल्ल्याने त्यांनी कामाची आखणी केली आणि पुढची दोन-तीन वर्षे काही मोजके युरोपीय स्वयंसेवक तेथील खेडूतांबरोबर मातीकाम करीत राहिले. धर्मोपदेशाऐवजी श्रमदान, आणि जन्माऐवजी काही महिने, असा हा बदल होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर विमानप्रवास स्वस्त झाला आणि उरलेले काम त्याने केले. १९५७ च्या उन्हाळी सुट्टीत जॉर्ज व्हर्वर नावाचा एक अमेरिकन विद्यार्थी दोन मित्रांना घेऊन धर्मपुस्तके वाटीत मेक्सिकोत गेला. त्यातून ‘ऑपरेशन मोबिलायझेशन’ ही संस्था वाढली आणि १९६४ मध्ये तिचे काम भारतातही सुरू झाले. १९६० साली लॉरेन कनिंगहॅम यांनी केवळ तरुणांसाठी दुसरी एक संस्था काढली. सुट्टीइतकीच मुदत, विद्यार्थ्याला झेपेल असा खर्च आणि परत आल्यावर सांगण्यासारखा अनुभव या तिन्ही गोष्टी जुळून आल्या, आणि नियम होता तो अपवाद झाला, अपवाद होता तो नियम.

या यात्रेची सिद्धता कशी होते तेही पाहण्यासारखे आहे. जाणारे तरुण आपल्या मंडळीतील कुटुंबांना पत्रे लिहून पैसा जमवितात. काही आठवडे प्रार्थना, गीते आणि परदेशातील चालीरीती यांचा वर्ग भरतो. यजमान संस्थेला कळविले जाते, आणि येथेच यजमानाची अडचण सुरू होते. पंधरा अनोळखी माणसांची निवासाची सोय, उकळलेले पाणी, दुभाषा, वाहन आणि त्यांना पुरेल एवढे काम या सर्वांची तजवीज त्याला करावी लागते. काम नसले तर ते काढावे लागते. एकच भिंत एका हंगामात दोनदा रंगविली जाते अशा कथा मिशनवर्तुळात थट्टेने सांगतात. ती थट्टा असली तरी तिच्यात सत्याचा अंश नाही असे म्हणवत नाही. पाहुण्याला नको म्हणणे आपल्या संस्कृतीत जड जाते, आणि जो पाहुणा देणगीही देणार असतो त्याला नको म्हणणे तर त्याहूनही जड.

या रूढीवर पहिली कठोर टीका चर्चच्या आतूनच झाली. १९६८ च्या एप्रिलमध्ये इव्हान इलिच या कॅथॉलिक धर्मगुरूने मेक्सिकोतील क्वेर्नाव्हाका येथे अमेरिकन विद्यार्थी-स्वयंसेवकांपुढे भाषण केले. पाहावयास या, शिकावयास या, पण आमचे भले करावयास येऊ नका, असा त्याचा मथितार्थ होता. ज्या लोकांची भाषा कळत नाही, ज्यांचे दुःख समजत नाही, त्यांच्यावर आपली सदिच्छा लादणे हाही एक प्रकारचा उद्धटपणाच, असे त्यांचे म्हणणे होते.

इलिच यांनी भावनेने सांगितले ते पुढे आकड्यांनी तपासले गेले. १९९८ साली मिच नावाच्या चक्रीवादळाने मध्य अमेरिकेतील होंडुरास देशात हाहाकार माजविला. तेथे घरे बांधण्यास उत्तर अमेरिकेतून मिशनगटांची रीघ लागली. कर्ट व्हर बीक या ख्रिस्ती प्राध्यापकांनी नंतर त्या घरांचा आणि ती बांधणाऱ्यांचा अभ्यास केला. जे घर स्थानिक गवंडी सुमारे दोन हजार डॉलरांत बांधीत, त्यासाठी परदेशी गटाचा प्रवासासकट खर्च सुमारे तीस हजार डॉलर होई. घर परक्या हातांनी बांधले की गावच्या, यामुळे राहणाऱ्या कुटुंबांच्या जीवनात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. आणि ज्यांच्या अंतःकरणात पालट होणार म्हणून एवढा खटाटोप केला, त्या तरुणांतही टिकाऊ बदल फार थोड्यांत दिसला. तीस हजारांत पंधरा घरे उभी राहिली असती, हा हिशेब कोणालाही करता येतो. तो मनाला लागतो तो यासाठी की त्यात कोणाचीही लबाडी नाही. सर्वांचे हेतू चांगलेच होते.

बंगळूरच्या संस्थांचा इतिहास याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूने उत्तर देतो. हेब्बाळ येथील बाप्टिस्ट रुग्णालय अमेरिकन मिशनच्या पैशाने १९७३ साली सुरू झाले. दुसऱ्याच वर्षी तेथे आलेल्या शल्यविशारद रिबेका नेलर यांनी सुमारे तीन दशके त्या रुग्णालयाची सेवा केली. १९८९ साली रुग्णालयाचा कारभार वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजकडे, म्हणजे भारतीय हातांत, सोपविण्यात आला. रस्त्यावरच्या मुलांसाठी सेल्शियन पंथाच्या विद्यार्थ्यांनी १९८० साली सुरू केलेली ‘बॉस्को’ ही संस्था अशीच शहरात रुजली. रेल्वे स्थानकावर एकटे उतरलेले पोर विश्वास ठेवते ते रोज दिसणाऱ्या चेहऱ्यावर. दोन आठवडे लाड करून नाहीसा होणारा दादा किंवा ताई त्याच्या वाट्याला आलेल्या ताटातुटीत आणखी एकीची भर घालते. मुलांच्या बाबतीत ही सावधगिरी सर्वांत आधी पाळली पाहिजे, याविषयी जाणत्यांत आता दुमत उरलेले नाही.

कायद्याची बाजूही नीट समजून घेणे अवश्य आहे. भारतीय राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने धर्माचा आचार आणि प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. परंतु प्रसार करणे म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला. परदेशी पाहुण्यांवर याहून वेगळी बंधने आहेत. पर्यटनाच्या व्हिसावर येणाऱ्याला देवळात, चर्चमध्ये वा मशिदीत जाता येते, प्रवचन ऐकता येते, विनामोबदला एक महिन्यापर्यंत स्वयंसेवाही करता येते. मात्र धर्मोपदेश करणे, धर्मस्थळी भाषणे देणे, पत्रके वाटणे यांस मनाई आहे; मिशनरी कार्यासाठी निराळा व्हिसा आहे. धर्मांतरावर निर्बंध घालणारे कायदे अनेक राज्यांनी केले आहेत. कर्नाटकानेही २०२२ साली तसा कायदा केला, आणि पुढच्या वर्षी सत्तांतर झाल्यावर तो रद्द करण्याचा निर्णय तेथील मंत्रिमंडळाने घेतला. अशा वातावरणात पाहुण्याने केलेल्या अविचाराची किंमत पाहुणा देत नाही. तो विमानाने निघून जातो; चौकशीला तोंड द्यावे लागते ते येथे राहणाऱ्या यजमान मंडळीला. मिशनयात्रेत खरोखर पणाला लागते ते हेच.

तेव्हा ही यात्रा बंदच करावी काय? असे म्हणणेही एकांगी ठरेल. १९०२ साली वेदनायकम अझरिया हे अठ्ठाविशीच्या आसपासचे तमिळ गृहस्थ जाफन्यास गेले. परक्या देशाचा हा प्रवास अल्प मुदतीचाच होता. तेथील तमिळ ख्रिस्ती लोक कोणा साहेबाच्या मदतीवाचून स्वतःचे मिशन चालवितात, हे पाहून ते अंतर्मुख झाले. आपल्या देशात हे का नाही, असा प्रश्न घेऊन ते परतले. दुसऱ्याच वर्षी तिरुनेलवेलीला भारतीयांचे स्वतःचे मिशन स्थापन झाले, १९०५ मध्ये राष्ट्रीय मिशनरी संस्था उभी राहिली, आणि १९१२ साली अझरिया दोर्नकलचे बिशप झाले. अँग्लिकन चर्चचे ते पहिले भारतीय बिशप. जाफन्यात त्यांनी कोणाची भिंत रंगविली नव्हती. ते पाहून आले आणि घरी येऊन कामाला लागले.

या दृष्टीने काही नव्या योजना विचारात घेण्यासारख्या आहेत. जर्मन सरकारने २००८ साली ‘वेल्टवेर्ट्स’ नावाची योजना सुरू केली. अठरा ते अठ्ठावीस वर्षांचे तरुण तीद्वारे सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत परदेशातील संस्थेत राहतात. उद्देश शिकण्याचा, असे उघडपणे म्हटलेले. २०१३ पासून उलट दिशेचा ओघही तीत सामील झाला, म्हणजे दक्षिणेकडील देशांतील तरुण जर्मनीत जाऊ लागले. बाझल मिशनचा वारसा सांगणाऱ्या स्टुटगार्टच्या मिशनसंघात दक्षिण भारतातील चर्च हे बरोबरीचे सभासद आहे, आणि तेथेही स्वयंसेवकांची अशी दुतर्फा देवघेव चालते. एका बाजूने नेहमी देणारा आणि दुसऱ्या बाजूने नेहमी घेणारा, ही जुनी मांडणी अशा देवघेवीने सैल होते.

२०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे साऱ्या सीमा बंद झाल्या तेव्हा मिशनयात्राही थांबल्या. त्या काळात भुकेल्याला अन्न आणि आजाऱ्याला औषध पोचविण्याचे काम झाले ते त्या त्या गावच्या माणसांकडून. यात्रेकरूंच्या वाचून काय अडते आणि काय अडत नाही, याची ती परीक्षाच होती. तीवरून एक साधा धडा घेता येतो. कामाची निवड यजमानाने करावी. पाहुण्याने भाषेचे चार शब्द तरी शिकून यावे. मुलांची माया लावून घेऊ नये. देशाचा कायदा पाळावा. आणि प्रवासखर्चाइतकीच रक्कम मागे राहणाऱ्या कामासाठी ठेवता येते का, हे निघण्यापूर्वी स्वतःला विचारावे. एवढे करून जो तरुण येतो तो उपकारकर्ता म्हणून येत नाही, विद्यार्थी म्हणून येतो. विद्यार्थ्याला पंधरवडा थोडा असला तरी तो व्यर्थ जात नाही. परत गेल्यावर त्याचा अभ्यास पुढे चालू राहिला, म्हणजे झाले.